बालवाडीत मदतीला जाताना: गोव्यात नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की मला असे फोन येतात. "आम्ही पुण्याहून पर्वरीला राहायला आलोय. काम घरूनच असतं, सकाळचा वेळ मोकळा आहे. तुमच्या त्या बालवाडीत आले तर चालेल का?" चालेल, नक्की चालेल. पण प्रत्येकाला फोनवर अर्धा तास जे सांगते, ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी गेली नऊ वर्षं म्हापशाजवळच्या एका वस्तीतल्या बालवाडीत आठवड्यातून दोन सकाळी जाते. बालवाडी एक ट्रस्ट चालवतो. पैसा थोडा इथला, बराचसा परदेशातला. सुट्टीला गोव्यात यायचं, किनाऱ्यावर माळा विकणारी लहान मुलं बघायची आणि घरी परतल्यावर स्वस्थ बसवायचं नाही, अशा माणसांनी मिळून उभ्या केलेल्या संस्था उत्तर गोव्यात बऱ्याच आहेत. मुलं तीन ते सहा वर्षांची. आईबाप बांधकामावर, शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलांत), भंगार गोळा करायला नाहीतर घरकामाला जातात. बरीचशी घरं बागलकोट, गदग, विजयपूर, कोप्पळ या भागांतून आलेली. ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशातलीही आहेत.

ही मुलं अंगणवाडीत का जात नाहीत?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो विचारायलाच हवा. सरकारची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. गोव्यातल्या कित्येक अंगणवाड्या चांगल्या चालतात, वस्तीतली काही मुलं तिथे जातातही. पण साइटवर राहणारं कुटुंब एक इमारत झाली की दुसऱ्या इमारतीकडे जातं. अंगणवाडी दुपारी सुटते आणि आई येते दिवेलागणीला. बांधकाम कामगारांसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९९६ चा कायदा होता. जिथे ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतात तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली हवी, असं त्यात लिहिलेलं होतं. आपल्याकडच्या चार मजली इमारतीच्या साइटवर बायका असतात दहा-बारा. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. म्हणजे तीन ते सहा ही वर्षं मधल्यामध्ये राहतात. त्या वर्षांत मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगाऱ्याशी बसून असतं.

आणि सातव्या वर्षी त्याला एकदम पहिलीत नेऊन बसवतात. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी नाहीतर कोकणी माध्यमाच्या. वास्कोच्या बाजूला कन्नड शाळा आहेत, पण त्या थोड्या. घरात कन्नड किंवा लमाणांची गोरमाटी बोलणारं मूल मराठी वर्गात बसतं आणि दोन महिन्यांत शाळेत यायचं बंद होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून बालवाडीचं काम मला एवढंच दिसतं: हे मूल पहिलीच्या दारात न घाबरता उभं राहिलं पाहिजे. तुम्ही मराठी बोलता, म्हणजे त्या दारातली भाषा तुमच्याकडे आहे. तेवढ्यासाठी या.

आधी स्वतःची डायरी उघडा

एका आठवड्यात किती वेळ देता येईल, यापेक्षा किती महिने देता येईल हे आधी बघा. तीन आठवडे रोज येणाऱ्यापेक्षा वर्षभर फक्त मंगळवारी येणारी व्यक्ती मला जास्त उपयोगाची वाटते. आमच्या मुलांच्या आयुष्यात माणसं सारखी बदलतात. मुकादम बदलतो, शेजारी बदलतात, कधी कधी वडीलही सहा-सहा महिने दिसत नाहीत. तिथे ठरलेल्या वारी ठरलेला चेहरा दिसणं ही मोठी गोष्ट असते. मुलं मला "मंगळवार टीचर" म्हणतात. मी शुक्रवारीही जाते, तरी नाव मंगळवारच.

चौथ्या वर्षी घरातल्या लग्नासाठी मी दोन मंगळवार न सांगता चुकवले. परत गेले तेव्हा रोज माझं बोट धरून हात धुवायला येणारी मुलगी मावशींच्या पदरामागे जाऊन उभी राहिली. तिला पुन्हा जवळ यायला पाच आठवडे लागले. तेव्हापासून रजा घ्यायची असली तर आदल्या खेपेला मुलांना सांगून जाते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी फुली मारून.

सुरुवात जूनमध्ये करावी. पण एक ध्यानात ठेवा, आमचा पट वर्षभर सारखा राहत नाही. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू झाला की किनाऱ्यावर विक्री करणारी कुटुंबं येतात आणि मे अखेरीस शॅक मोडले की गावाकडे जातात. भर पावसात बांधकामं मंदावली की आणखी काही घरं रिकामी होतात. गावच्या जत्रेला गेलेलं मूल पंधरा दिवसांनी उगवतं. त्यामुळे "मी शिकवलेलं सगळं वाया गेलं" असं मनाला लावून घेऊ नका. परत आलेल्या मुलाला तुम्ही त्याच जागी दिसलात की त्याला पुढचं आठवायला लागतं.

संस्था निवडताना

एल शद्दाय ही १९९७ पासून चाललेली संस्था, पणजीतलं हमारा स्कूल, मडगावची जन उगाही ही मुलांसाठी काम करणारी गोव्यातली माहितीतली नावं. चौकशीला इथून सुरुवात करता येते. तुमच्या भागातल्या अंगणवाडी सेविकेला विचारलंत तर जवळच्या लहान बालवाड्याही कळतील. मात्र फोनवर ठरवू नका. एकदा सकाळी अकराच्या सुमारास, जेवणाच्या वेळेला जाऊन या. जेवण कसं वाढतात, मोठ्या आवाजात कोण बोलतं, संडासात पाणी आहे का, दाराला आतून कडी कुठे आहे, हे तासाभरात दिसतं. टीचरांना पगार मिळतो का आणि त्या किती वर्षं तिथे आहेत, हे नम्रपणे विचारा. जिथे टीचर दर सहा महिन्यांनी बदलते तिथे तुम्ही जाऊनही फार फरक पडणार नाही.

तुम्हाला काहीच न विचारता "उद्यापासून या" म्हणणारी जागा टाळा. मी पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेले तिथे असंच झालं होतं. मुलांना रांगेत उभं करून पाहुण्यांपुढे गाणी म्हणायला लावत आणि पाहुणे समोरून मोबाइल धरत. आठवड्यातून दोन-तीनदा तरी. एक मुलगा गाणं संपल्यावर आपणहून हात पसरून उभा राहिला. मी महिन्याभरात ते सोडलं.

कागद

आधारची प्रत, ओळखीच्या दोन माणसांचे संदर्भ आणि पोलीस पडताळणीचा दाखला, एवढं तयार ठेवा. पडताळणीला राग मानू नका, ती सगळ्यांचीच होते आणि झालीच पाहिजे. संस्थेचं बाल संरक्षण धोरण सहीपूर्वी वाचून काढा.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे. लिस्बनहून किंवा लंडनहून सुट्टीला आलेली भाची म्हणते, मीही येते मदतीला. तिच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर ती इथे परदेशी नागरिक. ई-टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा जास्तीत जास्त एक महिना करता येते. त्याहून जास्त राहून काम करायचं तर वेगळा व्हिसा लागतो, आणि तो संस्थेशी बोलून आधीच काढावा लागतो. पैशांचंही तसंच. भारतीय पासपोर्ट असलेल्या, बाहेर नोकरी करणाऱ्या भावानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. पासपोर्ट बदललेल्या बहिणीची धरली जाते, मग ती देणगी म्हापशात बसून दिलेली का असेना. अशी देणगी घ्यायला संस्थेकडे २०१० च्या विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. बहिणीनं प्रेमानं टीचरांच्या हातात ठेवलेलं पाकीट संस्थेला अडचणीत आणू शकतं. तिला ऑफिसात घेऊन जा.

पहिला दिवस

सुती, धुवायला सोपे कपडे घाला. ओढणी लांब नको, कानात लोंबतं काही नको, नखं कापलेली असू देत. बसने येत असाल तर स्टॉपवरून आतपर्यंत चालायची तयारी ठेवा. पावसात पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, वस्तीच्या तोंडाशीच सोडतो, पुढे चिखल असतो. जाऊन खाली बसा. उभ्या मोठ्या माणसाकडे बघायला मुलांना मान वर करावी लागते आणि नवं माणूस तसंही उंचच वाटतं. पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका. नावं पाठ करा. टीचर मुलांना काय हाक मारतात ते ऐका आणि तशीच मारा.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. माझ्या पहिल्या महिन्यात एक मुलगा होता, साडेतीन-चार वर्षांचा. तो पाठीवरचं दप्तर काढायचा नाही. गाणी म्हणायचा, मण्यांशी खेळायचा, जेवायचा, दप्तर पाठीवर. दप्तर म्हणजे सिमेंटच्या पोत्याच्या कापडाची आईनं शिवलेली पिशवी, आत एक शर्ट आणि रिकामी बाटली. मला वाटलं, पोरगं अवघडलंय. मी मागून हळूच बंद सोडवायला गेले आणि तो जो ओरडला, ते अख्खा वर्ग थांबून बघत राहिला. टीचर आल्या, त्याला दप्तरासकट मांडीवर घेतलं. नंतर मला म्हणाल्या, "बाय, तांचें घर वर्सांत तीनदां हाल्लां. एकदां हो हांगाच आशिल्लो, आनी पत्रे थंय काडटाले. तो वाट पळयता, केन्ना वचपाचें तें." वर्षभरात तीनदा त्यांची झोपडी हलली होती. एकदा तो बालवाडीत असतानाच पत्रे काढत होते. कधीही निघावं लागेल म्हणून तो तयारीत बसायचा.

डिसेंबरात एके दिवशी त्यानं दप्तर काढून स्वतःच्या मांडीवर ठेवलं. जानेवारीत ते खुंटीला लागलं. कोणी काही बोललं नाही. टीचरांनी फक्त ती खुंटी त्याच्यासाठी रिकामी ठेवायला सुरुवात केली.

तेव्हा पहिला महिना मुलांच्या विचित्र वाटणाऱ्या सवयी फक्त बघा. सुधारायला जाऊ नका. टीचरांना विचारा, त्यांना बहुतेक कारण माहीत असतं.

सकाळ कशी जाते

साडेआठला मुलं यायला लागतात. आल्यावर हात-पाय-तोंड धुणं. मग मोकळा खेळ, गोल बसून गाणी, एक शिकण्याचा खेळ, साडेअकराला जेवण, मग झोप. तुमची जागा टीचरांच्या बाजूला आहे, पुढे नाही. गोलात त्या गातात तेव्हा तुम्ही मुलांमध्ये बसून गा. रडणारं मूल, सांडलेलं पाणी, न संपलेलं ताट, हे तुमचं. कामं किरकोळ दिसतात, पण पस्तीस मुलांच्या वर्गात एका टीचरला ती करत गोष्ट पुरी सांगता येत नाही.

हात धुण्याचं सांगते, कारण नवे लोक ते उरकून टाकतात. आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा भरवसा नाही, म्हणून तोटी बसवलेला निळा ड्रम विटांच्या चौथऱ्यावर ठेवलाय. साबणाची वडी मातीत पडायची, नाहीतर खिशातून घरी जायची. मावशींनी ती कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून तोटीला टांगली. आता मुलं जाळी दोन्ही हातांनी चोळतात, फेस लगेच येतो आणि साबण जागेवर राहतो. एकेका मुलाला तोटीशी उभं करायचं, तोटी बंद करायची, मग साबण: तळवे, बोटांच्या मधे, अंगठा, नखं. प्रत्येक बोटाचं नाव घ्यायचं. मग तोटी सोडायची. एका मुलाला मिनिटभर लागतं. या एका मिनिटात त्या मुलाशी तुम्ही एकटे असता, दिवसभरात बहुधा एवढेच. काल रात्री काय झालं, कान दुखतोय, आईला ताप आहे, सगळं मला त्या ड्रमपाशी कळलंय.

जेवणात आग्रह नको. पहिल्या वर्षी मला कळेचना की मुलं आपल्या उकड्या तांदळाचा भात का चिवडतात. त्यांच्या घरी ज्वारीची रोट्टी. आमच्या मावशी आता आठवड्यातून दोनदा भाकरी करतात, एकदा मुगाची उसळ आणि पाव, बाकी दिवशी भात-आमटी, सकाळी नाचणीचं तिजान, म्हणजे पातळ खीर. ताटात थोडं वाढा, पुन्हा मागू द्या.

अक्षरांची घाई करू नका. पालक म्हणतील "एबीसीडी शिकवा", त्यांची ती इच्छा मोलाची आहे, तिचा मान ठेवून त्यांना समजावा. तीन-चार वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरायचं बळ नसतं. ते कणीक मळून, ओलं फडकं पिळून, कपड्यांचे चिमटे दोरीला लावून येतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे उभं केलं, त्यात विकतची खेळणी नव्हती. आजूबाजूला जे मिळेल तेच साहित्य. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. आम्ही करवंट्या, तिसऱ्यांचे धुतलेले शिंपले, नारळाच्या हिरांचे तुकडे, बाटल्यांची मोठी झाकणं वापरतो. फक्त चिंचोके, मणी, बटणं, अशी ३ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू लहानग्यांच्या हाती एकटं असताना देऊ नका. तोंडात जाते, नाकातही जाते.

भाषा

मुलाची भाषा पुसून मराठी घालायची नसते. मुलाच्या शब्दाला तुमचा शब्द जोडायचा असतो. मूल "नीर" म्हणालं तर "नीर नाही, पाणी म्हण" असं म्हणू नका. "नीर? हो, पाणी. पाणी हवं? घे पाणी." असं म्हणा. त्याचा शब्द तुम्ही उच्चारलात की त्याला कळतं, हिला समजतंय. मग तुमचा शब्द तो आपणहून उचलतो. गंमत म्हणजे नीर हा शब्द आपणही ओळखतोच, अक्का आणि अण्णाही आपल्या घरातलेच.

कन्नडचे पाच-सहा शब्द पहिल्याच आठवड्यात शिका: ऊटा म्हणजे जेवण, साक म्हणजे पुरे, ब्याडा म्हणजे नको, अव्वा म्हणजे आई. लमाणांच्या मुलांना आई म्हणजे याडी. रडणाऱ्या मुलाला "आई येईल हं" म्हटलं तर ते रडतच राहतं. "याडी येणार, जेवण झालं की याडी" म्हटल्यावर ते तुमच्याकडे बघतं. शब्द लिहून भिंतीवर लावण्यापेक्षा मुलांच्या आयांनाच विचारा. त्यांना हसू येतं आणि दारातून परत जाणारी आई दोन पावलं आत येते. माझं कन्नड एका आईनं शिकवलेलं आहे. ती साइटवर विटा वाहते. मला चुकीचं बोलताना ऐकलं की अजूनही थांबून दुरुस्त करते.

जी मुलं बोलतच नाहीत त्यांच्यामागे लागू नका. नव्या भाषेत शिरणारं मूल काही महिने फक्त ऐकतं. तीन महिने गप्प असलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण हाक मारल्यावर वळत नसेल, नजर देत नसेल, घरच्या भाषेतही बोलत नाही असं आई सांगत असेल, तर टीचरांच्या कानावर घाला. आधी कान तपासून घ्यावे लागतात. पर्वरीचं सेतू केंद्र मुलांच्या वाढ-विकासाच्या प्रश्नांवर काम करतं आणि गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बालरोग विभाग आहेच. मूल घेऊन तुम्ही परस्पर जाऊ नका. आईबापांशी टीचर बोलतील.

गोष्ट सांगण्यापूर्वी

आपल्या ओळखीच्या गोष्टी या खोलीत वेगळ्या ऐकू येतात. जुलैमधली गोष्ट आहे. रात्री वादळानं वस्तीतल्या चार घरांवरची ताडपत्री उडवली होती. सकाळी मुलं ओल्या केसांनी आलेली. पाऊस पडतोय म्हणून मी चिऊकाऊची गोष्ट काढली. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं, तो चिमणीच्या दाराशी आला, चिमणी म्हणाली थांब, बाळाला तीट लावते. मुलं एरवी या जागी हसतात. त्या दिवशी एकही हसलं नाही. पुढे बसलेली मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "टीचर, ताका भितर घे."

मी तिथेच दार उघडलं. तेव्हापासून आमची चिमणी पहिल्या हाकेलाच दार उघडते, कावळ्याला टॉवेल देते आणि दोघं मिळून नवं घर बांधतात. कशाचं बांधायचं ते मुलं ठरवतात. बहुतेक वेळा विटांचं.

घर, वडील, वाढदिवस, गाव यांवरचं गाणं किंवा गोष्ट निवडताना एकदा त्या मुलांच्या घरी जाऊन आल्यासारखा विचार करा. "सुट्टीत कुठे गेलात?" हा प्रश्न मी विचारत नाही.

खाऊ, भेटवस्तू, फोटो

एका मुलाला काही देऊ नका. मी एकदा भिजत येणाऱ्या मुलीला रेनकोट आणून दिला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या मोठ्या भावाच्या अंगावर होता आणि संध्याकाळी दोन आया बालवाडीच्या दारात भांडत होत्या. द्यायचं ते संस्थेकडे द्या, आणि काय हवंय ते आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तर फिनेल, चटया, तूरडाळ, मुलांच्या चड्ड्या असंच येतं. तेच द्या. घरच्या मुलाचा वाढदिवस इथे केक कापून करायची कल्पना सोडून द्या.

मुलांचे फोटो काढू नका. संस्थेला अहवालासाठी लागतात ते पालकांच्या परवानगीनं संस्था काढते. तुमच्या स्टेटसवर एकाही मुलाचा चेहरा, नाव, वस्तीचं नाव जाता कामा नये. मोबाइल पिशवीत ठेवा आणि पिशवी ऑफिसात.

आजार, आणि त्याहून गंभीर काही

उवा आणि खरूज दिसणारच. मुलाला बाजूला बसवू नका, टीचरांना हळूच सांगा. खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावलं तरच गुण येतो, म्हणून तो निरोप आईपर्यंत जायला हवा. जुलाब होत असतील तर ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायचं, अर्धं-अर्धं नाही. पावसाळ्यात ड्रम, टायर, साइटवरच्या टाक्या, सगळीकडे पाणी साचतं आणि डेंग्यू येतो. ताप असलेलं मूल त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवं. गंभीर काही असलं तर १०८. स्वतःच्या पर्समधली गोळी कुठल्याही मुलाला देऊ नका.

मुलाला संडासाला नेताना दार उघडं ठेवून, दुसऱ्या मोठ्या माणसाला दिसेल असं न्या. पुरुष स्वयंसेवकांना आमच्याकडे हे काम देतच नाहीत. मुलांना मारायला गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्यानं शाळेत बंदी आहे. कोणी हात उचलताना दिसलं तर गप्प बसू नका, मग ते कितीही जुनं माणूस असो.

कधीतरी एखादं मूल असं काही बोलेल किंवा त्याच्या अंगावर असं काही दिसेल की तुमच्या पोटात गोळा येईल. तेव्हा त्याला प्रश्न विचारत सुटू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस" एवढंच म्हणा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. मूल ज्या शब्दांत बोललं तेच शब्द तारीख-वेळ घालून लिहून ठेवा आणि त्याच दिवशी संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीकडे जा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्था "बघू नंतर" म्हणाली तरी तुमची जबाबदारी सुटत नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८, चोवीस तास.

पहिलीचा प्रवेश

एप्रिल-मेमध्ये टीचरांना सगळ्यात जास्त मदत याची लागते, आणि मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचा इथे खरा उपयोग होतो. मोठ्या मुलांची यादी घ्या, प्रत्येकाच्या घरी टीचरांबरोबर जा, जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड आहे का बघा. जन्म बहुधा कर्नाटकातला असतो आणि दाखला गावातल्या ट्रंकेत. तरी घाबरू नका. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट आहे. त्या कलमाची मराठी प्रत घडी करून पर्समध्ये ठेवा. मी ती दोनदा काढली आहे, आणि दोन्ही वेळा मुख्याध्यापकांनी वाचून लगेच अर्ज पुढे केला.

शाळा सुरू होण्यापूर्वी मुलांना ती एकदा दाखवून आणा. वर्ग, नळ, संडास, झाड. आईलाही बरोबर घ्या. आत जायला तिलाच जास्त भीती वाटते.

थांबायची वेळ आली तर

बदली होते, घरी कोणी आजारी पडतं, जावं लागतं. दोन आठवडे आधी मुलांना सांगा. एका बरणीत जितके दिवस उरलेत तितके शिंपले ठेवा आणि रोज एक काढू द्या. शेवटच्या दिवशी पार्टी नको. नेहमीसारखे हात धुवा, नेहमीसारखं वाढा. "मी लवकरच येईन" म्हणू नका, येणार असलात तरच म्हणा.

आमच्याकडे स्वयंसेवकांची एक वही आहे. प्रत्येक मुलाला एक पान. त्यात तुम्हाला कळलेलं दोन-तीन ओळींत लिहून जा: कशानं रडतं, कशानं शांत होतं, कोणता शब्द नवा आला, घरी कोण आहे. पुढच्या माणसाचा महिना वाचतो. पहिल्या वर्षीचं माझं एक पान अजून आहे. त्यावर लिहिलंय: "दप्तर पाठीवरून काढत नाही. काढायला सांगू नये. खुंटी: खिडकीजवळची तिसरी." वही टीचरांच्या कपाटात वरच्या फळीवर असते. आल्या आल्या मागून घ्या.